पाच अंशांवर

आमच्या फ्रिजने ठकीचं औषध गोठवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

औषध म्हणजे बोटभर उंचीची तपकिरी बाटली. सकाळ-संध्याकाळ ड्रॉपरने ओठांच्या कोपऱ्यातून थोडंसं द्यायचं. ठकीच्या अंगात जन्मापासून एक गोष्ट कमी बनते, ती बाहेरून पुरवावी लागते. सहा महिन्यांची होईपर्यंत एकही वेळ चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला घरी सोडताना पुन्हा पुन्हा बजावलं होतं आणि माझं तोंड बघून शेवटी आईंनाही बजावलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. बाटलीवर छापलेलं होतं, दोन ते आठ अंशांत ठेवा, गोठल्यास वापरू नका.

फ्रिज घराबरोबर भाड्याने आलेला. त्याच्या मागच्या भिंतीला जे टेकेल त्याचा दगड व्हायचा, दारात ठेवलेलं कोमट राहायचं, आणि मधल्या जागेत काय होईल ते त्याच्या मर्जीवर. त्या सकाळी मी बाटली खिडकीच्या उजेडात धरली तर आत बर्फाच्या सुया उभ्या होत्या.

आई औषधाच्या दुकानात जाऊन दुसरी घेऊन आल्या. जिना चढून धापा टाकत म्हणाल्या, "शेवटची होती म्हणाला. पुढची मागवली तरी आठवडा धरा म्हणाला."

ही बाटलीही बिघडली तर थांबायला आठवडा ठकीकडे नव्हता. औषध थांबलं तर तिचं अंग आधी गळून जाईल, मग गार पडेल, हे मला सांगून ठेवलेलं होतं.

तिचं नाव खरं वेगळं आहे, पण जन्मल्यावर ती डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहायची म्हणून आईंनी तिला ठकी म्हणायला सुरुवात केली. लाकडाच्या बाहुलीसारखी. आता ती हसते, हात झाडते, माझं नाक धरून ओढते, तरी नाव तेच चिकटलं.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. झोपायच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या कोऱ्या भिंतीवर उघडते, इतक्या जवळ की हात लांब केला तर गिलाव्याची वाळू बोटाला लागते. ठकीला लोकांत न्यायचं नव्हतं, आणि ती माझ्यावाचून घटकाभर राहायची नाही, त्यामुळे मीही आतच. ठकीचा बाबा जहाजावर इंजिनरूममध्ये असतो. रेंज मिळाली की फोन करतो. खाली उतरायचं, आणायचं, भांडायचं, ही सगळी कामं आईंकडे.

ठकी व्हायच्या आधी मी तापमानाची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. बेकऱ्यांच्या भट्ट्यांची मीटरं, कोल्ड स्टोरेजचे सेन्सर, दवाखान्यांत नवजात बाळांना ठेवायची उबदार पेटी असते तिचे कंट्रोलर. म्हणून फ्रिजशी भांडत बसण्यापेक्षा मी ठरवलं की बाटलीपुरता डबा आपणच करायचा. पाच अंशांवर राहील असा.

"बाळंतिणीने झोप काढावी," आई म्हणाल्या. "हिने सोल्डरिंग काढलंय."

"ठकी झोपली की करते ना."

"ठकी झोपली की तू झोपायचं, असं आहे ते. पण माझं कोण ऐकतंय. बोल, काय काय आणू?"

सामान फार नव्हतं. मासळीवाल्याकडचा थर्मोकोलचा जाड डबा, तो आईंनी साबणाने इतका घासला की त्याला फक्त साबणाचाच वास राहिला. जुन्या कॉम्प्युटरमधले ऊब पसरवून टाकणारे ॲल्युमिनियमचे हीटसिंक, एक मोठा, एक लहान, आणि दोन पंखे. बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय. एक छोटा डिजिटल कंट्रोलर, त्याला वायरीच्या टोकाशी काळ्या टोपीचा सेन्सर. आणि पेल्टियर प्लेट, बिस्किटाएवढी पांढरी चौकोनी चकती, दोन वायरी निघालेली.

आईंनी ती चकती हातात घेऊन उलटसुलट केली. "ही थंडी करणार?"

"वीज दिली की हिची एक बाजू गार होते, दुसरी गरम."

"मग गरम बाजू काढून टाक की. गरमाचं आपल्याला काय करायचंय?"

"तसं होत नाही, आई. ही थंडी बनवत नाही. इकडची ऊब उचलते आणि तिकडे नेऊन टाकते. हमाल आहे ती."

"आणि टाकते कुठे?"

"बाहेर. खोलीत."

आईंनी पाळण्याकडे पाहिलं. "म्हणजे आमच्या ठकीच्या अंगावर."

"थोडीशी. पंख्याचा वारा लागतो तेवढी."

"बरंय," त्या म्हणाल्या. "औषध गार आणि बाळ गरम. एका विजेत दोन कामं."

झाकणाला चौकोनी भोक पाडलं. चकतीच्या दोन्ही अंगांना उष्णता पुढे नेणारी पांढरी पेस्ट लावली, लहान हीटसिंक आत, मोठा बाहेर, स्क्रूने आवळले, फटी फोमने बुजवल्या. हे सगळं ठकीच्या झोपांच्या मधे मधे, कधी एक स्क्रू, कधी एक सांधा. कितीदा ती कुशीत आणि सोल्डरिंगचं हत्यार दुसऱ्या खोलीत गरम होत राहायचं.

मग सेन्सर तपासायचा राहिला.

आमच्या वर्कशॉपमध्ये कुठल्याही नव्या सेन्सरवर विश्वास ठेवायचा नाही, ही पहिली शिकवण. दोन टोकांना तपासायचा. एक टोक वितळत्या बर्फाचं, ते सोपं. दुसरं गरम टोक, त्याला आमच्याकडे तेलाचं भांडं होतं, तापमान स्थिर धरणारं. तपासून झालं की सेन्सर लगेच कामाला लावायचा नाही, ही दुसरी शिकवण. रात्रभर उघड्या ट्रेमध्ये ठेवायचा. मोठे साहेब म्हणायचे, "त्याला विसरू द्या." आम्ही हसायचो, पण ठेवायचो.

घरी तेलाचं भांडं नव्हतं, आणि कडेवर बाळ घेऊन उकळत्या पाण्याशी खेळायची माझी हिंमत नव्हती. ठकी मांडीवर पीत होती. तिच्या काखेत तापाचं थर्मामीटर लावायची वेळ झालीच होती. मी सेन्सरचं टोक त्याच्याशेजारी ठेवलं, तिचा इवला दंड वरून दाबून धरला, आणि दोन्ही आकडे स्थिर होईपर्यंत थांबले. थर्मामीटर म्हणालं छत्तीस पूर्णांक सहा. सेन्सर जरा कमी दाखवत होता. मी कंट्रोलरमध्ये फरक भरला. आता तोही छत्तीस पूर्णांक सहा दाखवायला लागला.

जिवंत अंग मोजमापाला वापरायचं नाही हेही मला माहीत होतं. पण बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाशेजारी ठेवलेली होती आणि बर्फ विरघळत होता. सेन्सरला रात्रभर ठेवायला रात्र नव्हती. मी तो तिच्या काखेतून काढला आणि तसाच, ऊनऊन, डब्यात सोडला.

डबा पहिल्याच दिवशी पाच अंशांवर आला आणि तिथेच राहिला. आकडा थोडा वर गेला की कंट्रोलरमधला रिले, म्हणजे आपोआप चालूबंद होणारा स्विच, टिक करायचा, पंखे घरघरायचे, थोडा खाली आला की पुन्हा टिक. बाटली आत सरळ उभी, कोरडी, गार. डबा मी पाळण्याच्या उशाशी स्टुलावर ठेवला होता. मोठ्या हीटसिंकमधून येणारा कोमट वारा ठकीच्या कपाळावरचे केस हलवायचा आणि ती वाऱ्याकडे बघून ओठांचा चंबू करायची. मला इतकं बरं वाटलं की मी त्याचा फोटो काढून ठकीच्या बाबाला पाठवला.

"वा, इंजिनीअरबाई," त्याचं उत्तर आलं. "आता एसी पण करून टाका."

चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आकडा मधेच उडी मारतो. पाचावरून थेट साडेपाच, सहा. डबा बंद असताना आत असं एकदम तापत नाही. मी बघत राहिले. ठकी रडायला लागली की उडी. पदराखाली घेतली की आकडा हळूहळू उतरायचा. मला वाटलं, वायरीत बाहेरच्या विजेचा गोंधळ शिरतोय. पाळण्याजवळून जाणारी वायर मी दुसरीकडून वळवली, पिळून घेतली. तरी तेच. मग मी ते सोडून दिलं, कारण औषध आठाच्या वर कधी गेलं नव्हतं आणि ठकीचं वजन वाढत होतं. आई ठकीला आंघोळ घालताना तिच्या मांड्यांच्या वळ्या मोजायच्या.

एका दुपारी मी न्हाऊन बाहेर आले आणि घर फार शांत वाटलं. घरघर नव्हती.

आई खाली चादर अंथरून ठकीची दुपटी इस्त्री करत होत्या. इस्त्रीचा प्लग जिथे डब्याचा असायचा तिथे होता.

"थोडा वेळच काढलाय गं. एवढ्यात काय होतंय औषधाला."

मी डब्याकडे गेले. कंट्रोलरला वेगळी छोटी बॅटरी होती, म्हणून आकडा चालू होता. चौतीस. माझ्यासमोर पस्तीस झाला.

हीटसिंक गरम असतो, बंद केल्यावर तो आपली ऊब परत आत सोडतो, हे मला माहीत आहे. मी हीटसिंकला हात लावला. खोलीसारखा. भिंतीवरच्या थर्मामीटरवर सत्तावीस. खोलीत सत्तावीस, हीटसिंकमध्ये सत्तावीस, आणि त्यांच्या मधल्या डब्यात पस्तीस. आपल्या आजूबाजूच्या सगळ्यांहून गरम अशी वस्तू आपोआप होत नाही. तिला कोणीतरी ऊब द्यावी लागते.

मी झाकण उचलून बाटली काढली. काच हाताला ऊन लागली. आत दुसरं काही नव्हतं. आकडा छत्तीस पूर्णांक सहावर गेला आणि तिथे थांबला. उघड्या डब्यातही थांबला.

"आई, ठकी झोपलीये ना?"

"केव्हाची. आज कशी शहाण्यासारखी झोपलीये."

ठकी डोळे टक्क उघडे ठेवून पडली होती. मी गालाला हात लावला आणि उचललीच तिला. ती वाटीतल्या पाण्याइतकी गार होती. रडली नाही, मान माझ्या खांद्यावर पडली.

"काढा ती इस्त्री," मी ओरडले. "लावा तो प्लग."

पंखे सुरू झाले. आकडा खाली यायला लागला. हीटसिंकमधून वारा आला, आधी थंड, मग कोमट, मग ऊन. मी ठकीला त्या वाऱ्यासमोर धरून उभी राहिले. तिचे पाय माझ्या पोटावर हलले. मग तिने तोंड वाकडं केलं आणि घर डोक्यावर घेतलं, आणि मी तिच्याबरोबर रडले.

बाटली वाया गेली असेल अशी मला धास्ती होती. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, थोडा वेळ उबेत राहिलं तर चालतं, गोठलं की संपलं. बाळाचं अंग गार पडलं होतं म्हटल्यावर मात्र त्यांनी लगेच विचारलं, "आत्ता किती आहे?"

"छत्तीस पूर्णांक सहा."

"मग ठीक आहे. पुन्हा पस्तीसच्या खाली गेलं तर लगेच घेऊन या."

मी शंका घेणाऱ्यांतली आहे. एकदा झालं म्हणजे योगायोग. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन असताना, आईंना ठकीजवळ थर्मामीटर घेऊन बसवलं आणि बाटली बर्फात ठेवून मीच प्लग काढला. एक आकडा मी वाचत होते, एक त्या. माझा वर जात होता, त्यांचा खाली. आईंचा आवाज पहिल्यांदा नेहमीसारखा होता, मग बारीक झाला, मग त्या आकडा न सांगता म्हणाल्या, "लाव गं. लाव परत."

तोवर त्या डब्याला डबडं म्हणायच्या, ते त्यांनी त्यानंतर सोडलं.

मी सेन्सरवर खापर फोडलं. तो तिच्या काखेतून आला होता, त्याला विसरायला वेळ दिला नव्हता, असलं काहीबाही मनात येत होतं. कुणापुढे बोलण्यासारखं नव्हतं ते. मी नवा सेन्सर मागवला, फक्त बर्फाच्या पाण्यात तपासला, रात्रभर बशीत उघडा ठेवला. सकाळी जुना काढून तो लावला. ठकी रडली. आकड्याने उडी मारली, तेवढीच. जुना सेन्सर मी काड्यापेटीत घालून आईंकडे दिला, त्यांनी तो खाली कचऱ्यात टाकला. काही बदललं नाही.

मग मी ठकीला दवाखान्यात न्यायचं ठरवलं. डबा घरी चालू ठेवला, ठकीला तीन कपड्यांत गुंडाळलं, आईंनी पिशवी घेतली. पहिला जिना उतरलो. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर तिच्या बोटांची नखं निळसर दिसायला लागली. मी आईंकडे पाहिलं. त्या वळल्या आणि पुढे होऊन त्यांनी दार उघडलं. खोलीत शिरल्यावर, वाऱ्यासमोर, तिची नखं गुलाबी झाली.

दुसऱ्या वेळी डबाच बरोबर घ्यायचा ठरवला. स्कूटरची बॅटरी जोडून. मी तो उचलायला गेले तर उचलला, पण उचलताना जे वाटलं त्याने मी तो पुन्हा खाली ठेवला. थर्मोकोलचा डबा, दोन हीटसिंक, एक बाटली. त्याचं वजन मला माझ्या हातांनी माहीत होतं. आता त्यात एक बाजूला कलणारं वजन होतं. टेकू शोधणारं. ज्यांनी झोपलेलं बाळ एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आम्ही बाहेर गेलो नाही. डॉक्टरीणबाई एकदा घरी येऊन गेल्या. ठकीला पाहून म्हणाल्या, "छान आहे की. तुम्हीच खराब दिसताय." ठकीचा बाबा फोनवर म्हणाला, "तू थकलीयेस. मी आलो की आपण कुठेतरी जाऊ." मी हो म्हटलं. फोन कानाला लावून खोलीत जेवढी पावलं टाकता येतील तेवढ्याच जगात मी होते. वाऱ्यापासून पाळणा किती लांब सरकवला की ठकी कुरकुरते ते मला पावलाने माहीत झालं होतं, आणि मी त्या वर्तुळाच्या आत कपडे वाळत घालत होते, जेवत होते, केस विंचरत होते. समोर कोरी भिंत.

स्कूटरची बॅटरी मात्र मी जोडून ठेवली. वीज गेली तर.

वीज गेली ती भर दुपारी. खालच्या रस्त्यावर काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. आई गॅलरीतून बघून आल्या. "कोपऱ्यावरची विजेची पेटी जळालीये. धूर येतोय. संध्याकाळपर्यंत काही खरं नाही म्हणतायत."

बॅटरीवर पंखे फिरायला लागले. पेल्टियर फार वीज खाते. घरघर हळूहळू जड होत गेली, मग खर्जात गेली, मग पाती एकेक करून दिसायला लागली.

थांबली.

"बर्फ," मी म्हटलं. आई धावल्याच होत्या. त्यांनी फ्रिजमधला सगळा बर्फ लाटण्याने फोडला. ती मागची भिंत आता कामाला येत होती. मी त्यातला मूठभर पिशवीत भरून डब्यात ठेवला. आकडा सातावर होता, तो खाली आला. मी श्वास सोडला.

मग तो वर चढला. मी झाकण उचललं. पिशवीत पाणी होतं. मूठभर बर्फ, चहा होईपर्यंतही टिकला नव्हता.

"अजून आहे का?"

"शेवटचा."

ठकी आईंच्या अंगाशी होती, कपड्यांच्या आत, कातडीला कातडी. "गार लागतीये गं," आई म्हणाल्या. "काहीतरी कर. माझीच ऊब पुरत नाहीये तिला."

आकडा बत्तीस. तेहेतीस.

मी शेवटचा बर्फ घेऊन झाकण पूर्ण उघडलं आणि हात आत घातला.

आत ऊब होती. ओलसर, दाट ऊब. पहाटे बाळाच्या दुलईत हात घालावा आणि ते तिथून नुकतंच बाजूला सरकलेलं असावं, तशी. वास आला. थर्मोकोलचा नाही, साबणाचा नाही. टाळूचा वास. ठकीच्या टाळूचा, पण ठकीचा नाही. जरा वेगळा. दोन भावंडांचे असतात तसा.

तळहाताला हवा लागली. गेली. पुन्हा लागली.

आणि मला पान्हा फुटला.

दोन्हीकडे, एकदम, दुखेल इतका. कुणाच्या रडण्याने फुटतो तसा. अंगावरचे कपडे भिजले. माझा हात आत होता, आणि हातात बर्फ होता, आणि मागे आई म्हणत होत्या, "अगं, हिने डोळे मिटले. ही डोळे मिटतीये."

मी बर्फ ओतला.

हाताखालची हवा आत ओढली गेली.

रडायच्या आधी बाळ श्वास ओढतं आणि क्षणभर थांबतं. तोंड उघडं, आवाज नाही. आईला तो क्षण ओळखू येतो. त्यानंतर आवाज येतोच.

मी झाकण लावलं. दोन्ही हातांनी दाबून धरलं.

आवाज आला नाही. पण तो थांबलेला श्वास झाकणाखाली तसाच होता. माझ्या तळहातांना कळत होता. संपत नव्हता.

आकडा थांबला. उतरायला लागला.

"हाललीये," आई म्हणाल्या. "पाय हलवला हिने."

मी झाकण सोडलं नाही. वीज आली, पंखे फिरले, वारा ऊन झाला, ठकी वाऱ्याकडे तोंड करून चोखण्यासारखे ओठ करायला लागली, तरी मी तशीच होते. शेवटी आईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

दूध थांबत नव्हतं. ठकी आईंच्या खांद्यावर गाढ झोपली होती. मी ते रबरी बुचाच्या, बाळाला पाजायच्या बाटलीत काढलं. भरली बाटली हातात घेऊन उभी राहिले. ते ठकीसाठी आलं नव्हतं हे मला माहीत होतं. ते तिला पाजायला मन होईना, मोरीत ओतायला हात होईना. आईंनी माझ्या हातातून बाटली घेतली, बूच नीट बसलंय का पाहिलं, आणि औषधाशेजारी डब्यात ठेवली. झाकण लावून प्लग तपासला. त्यावर चिकटपट्टी मारली.

सकाळी त्यांनी बाटली काढली आणि धुतली. मला दाखवली नाही. मी विचारलं नाही. संध्याकाळी मी पुन्हा भरून दिली.

तेव्हापासून रोज. औषध संपलं, ठकी सहा महिन्यांची झाली. डॉक्टरीणबाईंनी आईंना फोनवर सांगितलं, "आता तिच्या अंगात ते आपलं आपण बनतंय. घरून नेलेल्या रक्ताच्या तपासणीत सगळं उत्तम आहे. औषध बंद, डबा बंद. न्या तिला बाहेर, ऊन दाखवा, चार माणसं दाखवा." आईंनी फोन ठेवला आणि चिकटपट्टीवर आणखी एक चिकटपट्टी मारली. परवा मी दुसरी पेल्टियर प्लेट लावली. एकीला आता पाच अंश जमत नव्हते. रिले बंदच होत नव्हता.

आज सकाळी आईंनी मला नळापाशी हाक मारली. पाणी चालूच होतं.

"ठकी बाटलीने पिते का गं कधी? तू पाजतेस?"

"नाही. अंगावरच पिते. तुम्हाला माहितीये."

त्यांनी बाटलीचं चोखायचं रबरी बूच उजेडात धरलं. त्याच्या बुडाशी बारीक चिरा होत्या. वरून दोन, खालून दोन, समोरासमोर.

मी ओले हात पुसले आणि पाळण्यापाशी गेले. ठकी जागी होती, मला बघून हसली. मी तिच्या तोंडात बोट घातलं आणि हिरड्यांवरून फिरवलं, आधी खालून, मग वरून, अगदी मागपर्यंत. सगळीकडे मऊ होतं, गुळगुळीत, कुठेही काही टोचलं नाही.